सान मारिनोची स्मारक नाणी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात भारतीय स्मारक नाण्यांविषयी उत्तरे प्रसिद्ध झाल्यानंतर नागपुरातील वाचकांची जी पत्रे आली, त्यांतील बरीचशी युरोपातील छोट्या देशांच्या नाण्यांबद्दल होती आणि त्यातही सान मारिनो या देशाचे नाव पुन्हा पुन्हा आले. म्हणून या वेळचा स्तंभ त्याच विषयासाठी राखून ठेवला आहे. पत्रे मोठी असल्याने प्रश्न संक्षेपाने दिले आहेत.

प्रश्न (महाल, एक निवृत्त शिक्षक) : इटलीत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने मला दोन युरोंचे एक नाणे आणून दिले. त्यावर एका गृहस्थांचा अर्धपुतळा, ‘बार्तोलोमेओ बोर्गेसी’ हे नाव, ‘सान मारिनो’ ही अक्षरे आणि २००४ हे साल आहे. इतवारीतील एका परिचित दुकानदारांनी ते पाहून, असा देशच नाही, हे खासगी पदक असावे, असे सांगितले. हे नाणे खरे आहे काय, आणि बोर्गेसी कोण?

उत्तर : देश आहे, नाणे आहे, आणि आपल्या हाती आलेले नाणे संग्राहकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. सान मारिनो हे चारही बाजूंनी इटलीने वेढलेले एक स्वतंत्र प्रजासत्ताक आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६१ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या नागपूर शहराच्या एक तृतीयांशाहूनही कमी, आणि लोकसंख्या ३५ हजारांच्या आत आहे. संत मारिनुस यांनी इसवी सन ३०१ मध्ये तितानो पर्वतावर या वस्तीची स्थापना केली, अशी तेथील परंपरा सांगते. त्या पर्वताच्या कड्यावर ग्वाइता, चेस्ता आणि मोन्ताले हे तीन बुरूज उभे आहेत, आणि तेच तीन बुरूज देशाच्या राजचिन्हात व तेथील अनेक नाण्यांवर दिसतात.

इतक्या लहान देशाला स्वतःची टांकसाळ परवडत नाही आणि तिची गरजही भासलेली नाही. सान मारिनोचे पहिले नाणे १८६४ मध्ये निघाले. ते पाच चेंतेसिमींचे, म्हणजे लिराच्या विसाव्या भागाचे, तांब्याचे नाणे होते आणि मिलान येथील टांकसाळीत पाडले गेले. पुढे हे काम रोमच्या टांकसाळीकडे गेले. १९३८ नंतर दीर्घकाळ नाणी निघाली नाहीत. १९७२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि तेव्हापासून लिरा हे युरोपूर्वीचे चलन जाईपर्यंत दरवर्षी नव्या विषयावरची नाणी काढण्याची प्रथा राहिली. इटलीने २००२ च्या आरंभी युरोची नाणी चलनात आणली, तेव्हा युरोपीय संघाचा सदस्य नसतानाही करारान्वये सान मारिनोला युरो वापरण्याचा आणि ठरावीक मर्यादेत स्वतःच्या छापाची युरो नाणी काढण्याचा अधिकार मिळाला. आपल्या नाण्यावर लहानसे रोमन लिपीतील ‘आर’ हे अक्षर असेल, ती रोम टांकसाळीची खूण होय. तिच्याशिवाय कोरक्याची आद्याक्षरेही दिसतील. त्यासाठी साधे दहापटीचे भिंग पुरते.

दोन युरोंची स्मारक नाणी काढण्यास युरोपात २००४ मध्येच प्रारंभ झाला. त्या वर्षी ग्रीसने अथेन्स ऑलिम्पिकनिमित्त थाळीफेक करणाऱ्या खेळाडूचे नाणे काढले, आणि त्याच वर्षी सान मारिनोने आपले पहिले स्मारक नाणे बोर्गेसी यांच्या नावे काढले. त्याची संख्या १ लाख १० हजार होती. २००४ हे ना त्यांच्या जन्माच्या शताब्दीचे वर्ष होते, ना मृत्यूच्या. तरीही पहिला मान एखादा सेनानी वा संत यांना न देता या विद्वानाला दिला गेला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण बार्तोलोमेओ बोर्गेसी (१७८१ ते १८६०) हे स्वतः नाणेशास्त्रज्ञ आणि प्राचीन शिलालेखांचे अभ्यासक होते. ते सान मारिनोपासून जवळच असलेल्या साविन्यानो गावचे. १८२१ मध्ये ते सान मारिनोत स्थायिक झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. रोमन नाण्यांवरील नावे, पदव्या आणि शिलालेखांतील मजकूर एकमेकांशी ताडून कोणत्या वर्षी कोण अधिकारी होते याची यादी बसवणे, हे त्यांचे आयुष्यभराचे काम होते. प्राचीन रोमचे थोर इतिहासकार थिओडोर मॉम्सेन, ज्यांना १९०२ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते तरुणपणी बोर्गेसींना भेटण्यासाठी सान मारिनोला गेले होते आणि त्यांना आपले गुरू मानत. नाण्यावर नाणेशास्त्रज्ञाची मुद्रा असण्याचे प्रसंग जगात मोजकेच आहेत. आपण शिक्षक होता. आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना हे नाणे दाखवताना ही हकिगत अवश्य सांगावी.

आता ते अस्सल आहे की नाही, हे घरच्या घरी बऱ्याच अंशी पडताळता येते. दोन युरोंच्या कोणत्याही अस्सल नाण्याचे वजन ८.५० ग्रॅम, व्यास २५.७५ मिलिमीटर आणि जाडी २.२० मिलिमीटर असते. दुकानदार आपल्या परिचयाचे आहेत, तर त्यांच्याच सराफी काट्यावर ते तोलून घ्यावे; तो काटा एका ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत वजन दाखवतो. नाण्याची बाहेरची रुपेरी कडी तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूची असते, तर मधला सोनेरी भाग तीन थरांचा असतो आणि त्यातील आतला थर निकेलचा असतो. त्यामुळे चुंबक जवळ नेल्यास मधला भाग हलकेच ओढला जातो, बाहेरची कडी ओढली जात नाही. संपूर्ण नाणे लोखंडासारखे खटकन चिकटले, किंवा अजिबात ओढले गेले नाही, तर शंका घ्यावी. कडेवर बारीक रेषांवर दोनचा आकडा आणि तारा सहा वेळा, एकदा सुलटा व एकदा उलटा, असा कोरलेला असावा. इटलीच्या दोन युरोंच्या नाण्याची कडही अशीच असते.

आणखी एक खूण खास २००४ च्या नाण्याला लागू पडते. ज्या बाजूस मोठा दोनचा आकडा आहे, त्या बाजूचा युरोपचा नकाशा २००७ पासून बदलण्यात आला. जुन्या नकाशात फक्त तेव्हाचे पंधरा सदस्य देश, एकमेकांना जोडून पण मध्ये सीमारेषा देऊन दाखवलेले होते. नव्या नकाशात युरोप खंड सीमारेषांविना, सलग दिसतो. आपल्या नाण्यावर साल २००४ आणि नकाशा असा नवा, सीमारेषांविना असेल, तर ते नाणे अस्सल नाही. दोन्ही बाजू एकत्र वाचल्या, तर असे बनाव सहज उघडे पडतात. वजन, चुंबक, कड आणि नकाशा या चारही कसोट्यांना नाणे उतरले, तर ते निःशंकपणे जपून ठेवावे. भाच्याने ते मूळच्या पुठ्ठ्याच्या फोल्डरसह आणले असेल, तर तो फोल्डर टाकून देऊ नये. सान मारिनोची ही सुरुवातीची स्मारक नाणी मुख्यतः अशा फोल्डरमध्ये संग्राहकांनाच विकली गेली, आणि फोल्डरसह असलेल्या नाण्याला आजही अधिक मागणी असते.

प्रश्न (धरमपेठ, एक गृहिणी) : मुलगी पुढील वर्षी शिक्षणासाठी इटलीला जाणार आहे. माझ्या वडिलांच्या संग्रहात सान मारिनोची दोन युरोंची काही नाणी आणि पाच व दहा युरोंची चांदीची दोन नाणी आहेत. ती तिला खर्चायला देता येतील काय? येथे नागपुरात बदलून मिळतील काय?

उत्तर : दोन युरोंची नाणी, मग ती नेहमीच्या छापाची असोत वा स्मारक, युरो चालणाऱ्या सर्व देशांत दोन युरो म्हणून कायदेशीर चलन आहेत. चांदीच्या नाण्यांची गोष्ट वेगळी आहे. पाच, दहा, वीस, पन्नास अशा दर्शनी मूल्यांची जी नाणी केवळ संग्राहकांसाठी काढली जातात, ती युरो क्षेत्रातील देशांच्या बाबतीतसुद्धा फक्त काढणाऱ्या देशातच कायदेशीर चलन ठरतात. सान मारिनोच्या बाबतीत तर तेथील संग्राहक नाणी युरोपीय संघात कायदेशीर चलन नसतील, असे करारातच नमूद आहे. आपल्या मुलीने रोममधील दुकानात दहा युरोंचे चांदीचे नाणे पुढे केले, तर ते कोणी घेणार नाही, आणि घेतले नाही म्हणून तक्रारही करता येणार नाही.

खरे तर ते खर्चू नयेच. सान मारिनोची सुरुवातीची पाच युरोंची चांदीची नाणी १८ ग्रॅम वजनाची आणि दहा युरोंची २२ ग्रॅम वजनाची असून दोन्हींत हजारी ९२५ चांदी आहे. म्हणजे पहिल्यात १६.६५ ग्रॅम आणि दुसऱ्यात २०.३५ ग्रॅम शुद्ध चांदी भरते. त्या दिवसाच्या भावाने गुणाकार केलात, तर दर्शनी मूल्यापेक्षा चांदीच अधिक किमतीची आहे, हे आपल्या लक्षात येईल. नागपुरातील परकीय चलन बदलणारी केंद्रे सहसा फक्त नोटा स्वीकारतात, नाणी घेत नाहीत, त्यामुळे येथे ती बदलून मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. वडिलांचा संग्रह फोडण्यापूर्वी त्याची नोंदवही सापडते का, ते मात्र पाहावे. जुने संग्राहक प्रत्येक नाणे कोणाकडून, केव्हा आणि कितीला घेतले हे लिहून ठेवत, आणि अशा नोंदीमुळे वारसांना पुढे फार मदत होते.

प्रश्न (सक्करदरा, महाविद्यालयीन विद्यार्थी) : छोट्या देशांची नाणी कमी संख्येने निघतात, म्हणून त्यांची किंमत झपाट्याने वाढते, असे मित्र सांगतात. शिष्यवृत्तीच्या पैशांतून अशी नाणी घेऊन ठेवणे योग्य ठरेल काय?

उत्तर : हा प्रश्न बहुतेक वेळा एका नाण्यामुळे निर्माण होतो, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो. मोनाको या दुसऱ्या चिमुकल्या देशाने २००७ मध्ये तेथील राजपुत्राशी विवाह केलेल्या अभिनेत्री ग्रेस केली यांच्या निधनास पंचवीस वर्षे झाल्यानिमित्त दोन युरोंचे स्मारक नाणे काढले. त्याची संख्या केवळ २०,००१ होती. आज त्याचा व्यवहार हजारो युरोंत होतो. याउलट जर्मनीच्या कित्येक स्मारक नाण्यांची संख्या प्रत्येकी तीन कोटींच्या घरात असते आणि ती तेथील भाजीवाल्याच्या गल्ल्यातही सापडतात. हा फरक पाहिल्यावर कमी संख्या म्हणजे मोठी किंमत, असे सरळ समीकरण मनात बसते. ते अपुरे आहे.

ग्रेस केलींच्या नाण्याला किंमत आली, कारण संख्या कमी होती आणि ते हवे असणारे लोक असंख्य होते. त्यांत दोन युरोंचे प्रत्येक स्मारक नाणे जमवणारे संग्राहक होते, तसेच नाण्यांशी एरवी काही संबंध नसलेले, त्या अभिनेत्रीचे चाहतेही होते. सान मारिनोच्या चांदीच्या एखाद्या नाण्याची संख्या याहून कमी असू शकते, तरीही ते मूळ विक्रीच्या किमतीच्या खालीही मिळते, कारण ते शोधणारेच थोडे असतात. संग्राहक नाण्याची पहिली विक्री दर्शनी मूल्याच्या कितीतरी पट अधिक किमतीला होते. त्यात चांदी, घडणावळ, पेटी, प्रमाणपत्र आणि काढणाऱ्या देशाचा नफा हे सर्व आलेले असते. म्हणून विकत घेतल्या क्षणी तो पैसा परत मिळेल असे धरून चालणे चुकीचे आहे. शिष्यवृत्तीची रक्कम ज्या कारणासाठी मिळाली आहे त्यासाठीच वापरावी, असे मी आपल्याला अगदी स्पष्टपणे सांगतो. महिन्याच्या खर्चातून जे उरेल, त्यातून एखादे आवडलेले नाणे घ्यावे, आणि घेण्यापूर्वी त्याच्याविषयी वाचावे.

दोन सावधगिरीच्या सूचना. दोन युरोंची नाणी खासगी व्यापारी नंतर रंगवतात किंवा त्यांवर सोन्याचा मुलामा चढवतात आणि आकर्षक डबीत घालून विकतात. टांकसाळीबाहेर झालेला असा कोणताही बदल जाणत्या संग्राहकाच्या दृष्टीने नाणे खराब करणाराच असतो. दुसरे असे, की ज्या देशांनी युरो स्वीकारलेलाच नव्हता, अशांच्या नावाने ‘नमुना’ म्हणून आठ नाण्यांचे संच बाजारात येतात. त्यांमागे कोणतेही सरकार नसते आणि ती नाणीही नसतात. आपल्यासमोर आलेली वस्तू अधिकृत आहे की नाही, हे ठरवायचे असेल, तर काढणाऱ्या देशाच्या वार्षिक यादीत तिचे नाव आहे काय, एवढेच पाहावे. दोन युरोंच्या स्मारक नाण्यांपुरते तर काम आणखी सोपे आहे, कारण २०१२ पर्यंत एका देशाला वर्षाला असे एकच नाणे आणि त्यानंतर दोन नाणी काढण्याची मुभा आहे. सर्व युरो देशांनी मिळून काढलेली सामाईक नाणी तेवढी त्याहून वेगळी मोजली जातात.

प्रश्न (नंदनवन, एक वाचिका) : सान मारिनोचे चांदीचे एक नाणे काळपट पडले होते. दसऱ्याच्या साफसफाईत सासूबाईंनी ते देवाच्या भांड्यांबरोबर चिंच आणि रांगोळीने घासले. आता ते लखलखीत दिसते. पण माझे यजमान, जे नाणी जमवतात, फारच हळहळले. यात खरोखर काही बिघडले काय?

उत्तर : सासूबाईंचा हेतू चांगला होता, हे आधी मान्य करू या, देवघरातील चांदी अशीच उजळवली जाते. नाण्याचे मात्र नुकसान झाले आहे, आणि ते भरून येणारे नाही. आपल्या यजमानांची हळहळ समजून घेण्यासाठी एक गोष्ट करून पाहावी. नाणे कडेला धरून खिडकीजवळच्या उजेडात हळूहळू फिरवावे. न घासलेल्या नाण्यावरून प्रकाश फिरताना तो मध्यापासून कडेकडे सरकणाऱ्या किरणांसारखा दिसतो. टांकसाळीत ठशाच्या प्रचंड दाबाखाली धातू बाहेरच्या दिशेने सरकतो आणि त्याच्या ज्या सूक्ष्म रेषा उमटतात, त्यांमुळे ही झळाळी येते. आपल्या नाण्यावर आता तिच्याऐवजी एकाच दिशेने गेलेले बारीक, केसासारखे ओरखडे दिसतील. रांगोळीचे कण चांदीपेक्षा कठीण असतात आणि प्रत्येक हातासरशी त्यांनी वरचा थर खरवडला आहे. काळपटपणाबरोबर थोडी चांदीही गेली. नाणे जर आरशासारख्या पार्श्वभूमीचे, म्हणजे प्रूफ असेल, तर हानी अधिक ठळक दिसेल. प्रूफ नाण्यासाठी ठसे आणि चकती दोन्ही घासूनपुसून चकचकीत केलेली असतात आणि एकच नाणे एकापेक्षा अधिक वेळा ठोकले जाते. अशा पृष्ठभागावर बोट लागले तरी त्याचा ठसा कायमचा राहू शकतो.

काळपटपणा हा मुळात मळ नसतो. हवेतील गंधकाच्या संयुगांशी चांदीचा संयोग होऊन तिच्यावर अत्यंत पातळ थर तयार होतो. तो एकसारखा, निळसर-सोनेरी छटेचा असेल तर कित्येक संग्राहक त्यासाठी अधिक किंमत मोजतात. थर वाढू नये, एवढीच काळजी घ्यायची असते. वर्तमानपत्राचा कागद, साधा पुठ्ठा, रबर बँड आणि लोकरी कापड यांतून गंधक बाहेर पडते, म्हणून चांदीची नाणी त्यांत गुंडाळू नयेत. नाण्यांसाठी मिळणाऱ्या मऊ प्लॅस्टिकच्या स्वस्त पिशव्यांतही धोका आहे. त्यांपैकी पुष्कळ पीव्हीसीच्या असतात आणि नागपूरच्या एप्रिल-मे महिन्यांत, पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास गेला की त्यांतील तेलकट द्रव्य सुटून नाण्यावर हिरवट, चिकट थर बसतो. आपल्याकडच्या संग्रहांत मी हा बिघाड सर्वांत अधिक पाहिला आहे. ॲक्रिलिकची घट्ट कॅप्सूल वापरावी. वर सांगितलेल्या पाच युरोंच्या नाण्यांसाठी ३२ मिलिमीटरची कॅप्सूल लागते. गच्चीला लागून असलेल्या भिंतीवरील कपाट टाळावे, आणि पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवून ती अधूनमधून बदलावी. यापुढे एखादे नाणे खरोखरच चिकट झाले, तर ते न घासता शुद्ध ॲसिटोनमध्ये काही मिनिटे बुडवून, हवेशीर जागी, आगीपासून दूर, आपोआप वाळू द्यावे. नखांचा रंग काढण्याचे द्रव त्यासाठी वापरू नये, कारण त्यात सुगंधी व तेलकट घटक असतात. घासलेले नाणे मात्र आता जसे आहे तसेच राहू द्यावे. आणखी काही केल्यास आणखी बिघडेल.

प्रश्न (सदर, एक व्यावसायिक) : परदेशी नाणी घरात किती ठेवावीत, यावर कायद्याची मर्यादा आहे काय? तसेच सान मारिनोतील एक संग्राहक आपली काही नाणी देऊन माझ्याकडील भोसलेकालीन रुपयाची दोन नाणी मागत आहेत. हा विनिमय टपालाने करता येईल काय?

उत्तर : पहिल्या भागाचे उत्तर सुखद आहे. परकीय चलनविषयक फेमा कायद्याखालील २०१५ च्या नियमांनुसार भारतात राहणाऱ्या कोणालाही परदेशी नाणी कितीही बाळगता येतात. परदेशी नोटा आणि प्रवासी धनादेश यांवर मात्र दोन हजार डॉलरची मर्यादा आहे, तिचे भान ठेवावे. परदेशातून नाणी मागवताना सीमाशुल्क लागू शकते, म्हणून पाठवणाऱ्याला पाकिटावरील जाहीरपत्रात वस्तूचे खरे वर्णन आणि खरी किंमत लिहायला सांगावी. ‘भेटवस्तू’ असे लिहून किंमत कमी दाखवली, तर पाकीट अडकते आणि दोष आपल्याकडे येतो.

दुसऱ्या भागाचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. नागपूरकर भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी तिसरे रघुजी भोसले यांच्या १८५३ मधील मृत्यूनंतर खालसा केले, त्यामुळे त्या काळातील कोणतेही नाणे आज दीडशे वर्षांहून जुने आहे. पुरावस्तू व कलासंपदा अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे पुरावस्तू ठरते, आणि पुरावस्तू देशाबाहेर नेणे हे फक्त केंद्र सरकार अथवा त्याने अधिकृत केलेली संस्थाच करू शकते. विकत दिले, बदल्यात दिले किंवा भेट म्हणून दिले, तरी फरक पडत नाही. सान मारिनोच्या त्या संग्राहकांना ही अडचण नम्रपणे कळवावी. खरा संग्राहक ती समजून घेतो. त्यांना द्यायचेच असेल, तर स्वतंत्र भारताची स्मारक नाणी द्यावीत. १९६४ मध्ये पंडित नेहरूंच्या निधनानंतर निघालेल्या नाण्यांपासून ही परंपरा सुरू होते, आणि मुंबई, कोलकाता, हैदराबाद व नोएडा या चार टांकसाळींच्या वेगवेगळ्या खुणांमुळे परदेशी संग्राहकांना ती विशेष आवडतात.

आपल्याकडील दोन रुपयांबद्दल माझी एक विनंती आहे. भोसल्यांनी ही नाणी मोगल बादशहाच्या नावाने पाडली, त्यामुळे त्यांवरील फार्सी मजकूर वाचता न आल्यास ती सर्रास ‘मोगल रुपया’ म्हणून विकली जातात आणि नागपूरशी असलेला त्यांचा संबंध कायमचा पुसला जातो. मोगल समजून चांदीच्या भावाने मोडीत गेलेल्या अशा रुपयांची संख्या फार मोठी असली पाहिजे. आपण ती सिव्हिल लाइन्समधील मध्यवर्ती संग्रहालयातील, म्हणजे आपल्या अजब बंगल्यातील, नाण्यांशी ताडून पाहावीत आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे, वजन व व्यास यांची नोंद करून ठेवावी. १८६३ पासूनची ही संस्था आपल्या घरापासून जवळच आहे.

प्रश्न (मनीषनगर, एका सातवीतील मुलाची आई) : मुलाला वाढदिवसाला युरोपातील छोट्या देशाचे एक स्मारक नाणे द्यायचे आहे. कोणते घ्यावे?

उत्तर : मुलगा जर एखादी मालिका पूर्ण करण्यात रमणारा असेल, तर माल्टाची प्रागैतिहासिक मंदिरांची दोन युरोंची नाणी सुचवेन. २०१६ ते २०२२ या काळात दरवर्षी एक याप्रमाणे सात नाण्यांत ही मालिका पूर्ण झाली, म्हणून तिला शेवट आहे आणि खर्चाचा अंदाजही आधीच बांधता येतो. चित्रकलेची आवड असेल, तर सान मारिनोने २०१९ मध्ये लिओनार्दो दा विंची, २०२० मध्ये राफाएल आणि २०२१ मध्ये कारावाज्जो यांच्या स्मरणार्थ काढलेली नाणी आहेत. मात्र हे कलावंत इटलीचे. सान मारिनोच्या स्वतःच्या इतिहासाशी त्यांचा थेट संबंध थोडा आहे, आणि अशी नाणी बाहेरच्या संग्राहकांना डोळ्यांपुढे ठेवून निघालेली आहेत. २००६ चे कोलंबसाचे नाणेही त्याच प्रकारचे आहे.

मला स्वतःला विचाराल, तर मी २००७ चे जुझेप्पे गारिबाल्दी यांच्या द्विजन्मशताब्दीचे नाणे निवडेन. इटलीच्या एकीकरणाचे हे सेनानी १८४९ मध्ये रोमचे प्रजासत्ताक कोसळल्यावर शत्रूच्या फौजा मागावर असताना आपल्या थकलेल्या सैनिकांसह सान मारिनोत शिरले, आणि या निःशस्त्रप्राय देशाने त्यांना आश्रय दिला. पुढे सारा इटली एक झाला, पण सान मारिनो स्वतंत्रच राहिला. सातवीच्या मुलाला ही गोष्ट नकाशा समोर ठेवून सांगता येते. नाणे १ लाख ३० हजार संख्येने निघाले असल्यामुळे ते मिळणे अशक्य नाही. मात्र फोल्डरसह घ्यावे, आणि मुलाने हाताळायचे ठरवले, तर कडेला धरून, खाली मऊ रुमाल अंथरून हाताळावे, एवढे त्याला पहिल्याच दिवशी दाखवून द्यावे.